घरांतील यंत्रें : कळ दाबली, पण अक्षर उमटेना

यंत्र बिघडलें असतां घरांत पहिल्यानें यंत्राची चौकशी होत नाहीं, माणसांची होते. काल त्यास कोणीं हात लावला होता, चहाचा पेला जवळ कोणीं ठेविला होता, धाकट्यानें त्यावर खेळ कां मांडला होता, असे प्रश्न निघतात. आणि उत्तरें देतां घेतां ज्याचा कांहीं संबंध नाहीं अशा एखाद्या मुलावर किंवा सुनेवर ठपका येऊन बसतो. लॅपटॉपाच्या बाबतींत हें विशेषच घडतें, कारण त्याचा बिघाड डोळ्यांस दिसत नाहीं. शिवणयंत्राचा पट्टा तुटला तर तो लोंबतांना दिसतो. परंतु कळ दाबूनहि पडद्यावर अक्षर उमटलें नाहीं, तर तें मधल्यामध्यें कोठें नाहींसें झालें हें सांगणार कोण?

गेल्या कांहीं महिन्यांत आम्हांकडे या विषयावर बरींच पत्रें आलीं, त्यांचें एक कारण उघड आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ या प्रणालीची नित्याची देखभाल ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. तिच्या पुढील आवृत्तीस पुष्कळसे जुने लॅपटॉप चालत नाहींत. तेव्हां धडधाकट यंत्र भंगारांत घालण्यापेक्षां अनेक घरांतील तरुण मंडळींनीं त्यावर लिनक्स घातलें. हें आम्हांस सर्वथा पसंत आहे. लिनक्स ही प्रणाली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिली, आणि तिचें वळण १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्सचें आहे; म्हणजे घराणें जुनें व कसाला उतरलेलें. परंतु नवें माणूस घरांत आलें आणि त्याच आठवड्यांत दुधाचें भांडें फुटलें, तर पायगुण कोणाचा ठरतो हें वाचकांस सांगावयास नको. लिनक्सचें तसेंच झालें आहे. माउस अडला कीं लिनक्स, कळ रुसली कीं लिनक्स!

अशांपैकीं एक पत्र आमच्यापुढें आहे. लिहिणाऱ्या गृहस्थांचे वडील बंधु गेलीं दोन वर्षें आपल्या तीर्थरूपांच्या हातच्या जुन्या वह्या लॅपटॉपावर उतरून काढीत आहेत. वह्यांचा कागद इतका जीर्ण कीं पान उलटतांना तुकडे पडतात. जीं पानें उतरून झालीं त्यांतील कांहीं आतां वाचण्यासारखीं राहिलींहि नाहींत. एके दिवशीं सकाळीं दादा लिहावयास बसले तों कांहीं अक्षरें उमटेनाशीं झालीं आणि त्यांच्या जागीं आंकडे येऊं लागले. यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें तरी तोच प्रकार. घरांतील पुतण्या या विद्येंत जाणता समजला जातो. त्यानें निदान केलें कीं लिनक्स आंतून बिघडलें, आतां सर्व पुसून प्रणाली नव्यानें घालावी हें उत्तम. वहिनी म्हणाल्या, “आधीं कोणास तरी विचारा, मग पुसा.” या एका वाक्यानें दोन वर्षांचें लेखन वांचलें, कारण त्याची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती.

त्या गृहस्थांस आम्हीं लगेच उत्तर धाडलें. त्याचा खुलासा पुढें येईलच. परंतु त्यापूर्वीं सर्व वाचकांस एक विनंति आहे. ‘पुसून नव्यानें घालणें’ हें निदान नव्हे. निदान न करतां केलेली शस्त्रक्रिया आहे. कीबोर्ड मुका झाला असला तरी माउस चालत असतो, आणि एकट्या माउसानें सर्व लेखन पेनड्राइव्हवर उतरवून घेतां येतें. तें आधीं करावें. सांकेतिक शब्द घालण्यावांचून आंत जातां येत नसेल तर प्रवेशाच्या पडद्यावर मनुष्याकृतीचें एक लहानसें चिन्ह बहुधा असतें. त्यांतून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो व माउसानें एकेक अक्षर टिपून शब्द घालतां येतो. प्रत सुरक्षित झाली म्हणजे मन स्वस्थ होतें, आणि स्वस्थ मनानेंच पुढील विचार नीट होतो.

कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत काय घडतें तें पाहूं. कळांच्या खालीं आडव्या-उभ्या बारीक वाहक रेषांचें जाळें असतें. कळ दाबली कीं एक आडवी व एक उभी रेषा परस्परांस भिडतात. लॅपटॉपांतील एक लहानसा नियंत्रक हें जाळें सेकंदांत अनेकदां तपाशीत असतो, आणि जेथें भेट आढळेल त्या कळेचा क्रमांक पुढें धाडतो. तो अक्षर धाडीत नाहीं, क्रमांक धाडतो, ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. पुढील निम्मे घोटाळे येथूनच निघतात. तो क्रमांक लिनक्सचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, तो उचलतो. त्यापुढें एक कोष्टक असतें. या क्रमांकाचा अर्थ इंग्रजींत ‘के’, मराठींत ‘क’, असें तें ठरवितें. शेवटीं तें अक्षर पडद्यावर जी खिडकी पुढें असेल तिच्या स्वाधीन होतें. चार हातांतून जाणारें टपालच म्हणाना! पत्र पोंचलें नाहीं तर दारावरच्या पोस्टमनाशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. कोणत्या हातापर्यंत तें सुखरूप होतें हें पाहावें.

येथें एक मौजेची गोष्ट सांगतों. लिनक्सला ‘तुला कोणतीं साधनें जोडलेलीं आहेत?’ असें विचारलें असतां बहुतेक लॅपटॉपांचा अंगचा कीबोर्ड ‘एटी ट्रान्सलेटेड सेट टू कीबोर्ड’ या नांवानें हजेरी देतो. यांतील ‘एटी’ हें आयबीएम कंपनीच्या १९८४ सालच्या पीसी-एटी या यंत्राचें नांव होय. कालपरवां घेतलेला लॅपटॉपहि आपलें गोत्र चाळीस वर्षांपूर्वींच्या मूळपुरुषावरून सांगतो, हें पाहून आमच्यासारख्या म्हाताऱ्यास बरें वाटतें.

आतां परीक्षेची रीत. न्यायशास्त्राशीं ज्यांचा थोडा परिचय आहे त्यांस अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द ठाऊक असतील. अमुक असतां दोष असतो हा अन्वय. तेंच काढून घेतलें असतां दोष जातो हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तर कारण सांपडलें. नुसत्या अन्वयावर भिस्त ठेवणारा फसतो. लिनक्स घातलें आणि कळ बिघडली, एवढ्यावरून लिनक्सनें कळ बिघडविली असें ठरत नाहीं. लिनक्स बाजूस ठेवूनहि कळ बिघडलेलीच राहते काय, हें पाहिलें पाहिजे.

आणि तें पाहणें अगदीं सोपें आहे. यंत्र चालू करतांच, लिनक्स जागें होण्यापूर्वीं, एफ-दोन, डिलीट किंवा एस्केप यांपैकीं जी कळ त्या यंत्रास नेमलेली असेल ती दाबली असतां बायोस नांवाचा एक साधा पडदा उघडतो. तेथें लिनक्सचें राज्य नसतें. तेथें बाणांच्या कळांनीं वरखालीं जातां येतें कीं नाहीं तें पाहावें. मात्र कांहीं बदलूं नये, आणि बाहेर पडतांना ‘साठवूं काय?’ असें विचारल्यास नकार द्यावा. येथेंच कळा मुक्या असतील तर लिनक्स निर्दोष सुटलें. दोष कळांत, त्यांच्या पट्टीवजा तारेंत किंवा नियंत्रकांत आहे. दुसरी परीक्षा शेजाऱ्यांकडून एखादा यूएसबी कीबोर्ड मागून आणून जोडण्याची. तो नीट चालला आणि अंगचा चालला नाहीं, तर कोष्टक व खिडकी यांवरील संशय पुष्कळसा फिटतो, कारण त्या दोन्ही कीबोर्डांस समाईक आहेत.

तिसरी परीक्षा थोड्या खटपटीची, पण फार निर्णायक. उबुंटु, डेबियन, फेडोरा इत्यादि प्रकारचें लिनक्स पेनड्राइव्हवर घालून, आंतील तबकडीस हात न लावतां, त्या पेनड्राइव्हवरूनच यंत्र चालवितां येतें. यास ‘लाइव्ह’ म्हणतात. पाहुण्या प्रणालींत कळा व टचपॅड नीट चालले, तर यंत्र शाबूत असून घरच्या प्रणालीची मांडणी कोठें तरी चुकली आहे. पाहुणीसहि तेंच दुखणें झालें, तर बहुधा यंत्राकडे पाहावें. फक्त एक सांभाळावें. पाहुणी पडद्यावर दोन गोष्टी विचारते, ‘ट्राय’ कीं ‘इन्स्टॉल’. पहिलीस होकार द्यावा, दुसरीकडे फिरकूंहि नये. दुसरीच्या पोटांतच ती पुसून टाकण्याची क्रिया आहे.

घरांत कोणी आज्ञा टंकून काम करणारें असेल तर त्यानें ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ ही आज्ञा, आरंभीं ‘सुडो’ जोडून, रोमन अक्षरांत द्यावी. उबुंटु व डेबियन यांत त्यासाठीं ‘लिबइनपुट-टूल्स’ हा संच आधीं घ्यावा लागतो. मग प्रत्येक कळ दाबतांच, प्रत्येक बोट सरकतांच, पडद्यावर एकेक ओळ उमटते. ओळ उमटली म्हणजे टपाल गाभ्यापर्यंत पोंचलें. उमटली नाहीं तर त्याच्या आधींच हरवलें. ही आज्ञा दाबलेलें अक्षर आपण होऊन दाखवीत नाहीं, तारका दाखविते. कोणाचा सांकेतिक शब्द उघडा पडूं नये म्हणून ती आडपडदा ठेवते. यंत्र रचणाऱ्यांची ही सभ्यता आम्हांस आवडली.

आतां दादांच्या लेखनाकडे वळूं. त्यांच्या बंधूंनीं एक फार चांगली गोष्ट केली होती. कोणतीं अक्षरें गेलीं व त्यांच्या जागीं काय आलें याची त्यांनीं यादी दिली होती: ‘ह’च्या जागीं ४, ‘ग’च्या जागीं ५, ‘द’च्या जागीं ६, ‘र, क, त’ यांच्या जागीं अनुक्रमें १, २, ३, आणि ‘स’च्या जागीं शून्य. ‘दत्त’ असें लिहावयास जावें तों ६३ आणि पुढें लोंबकळत्या हलन्तामागून आणखी एक ३! बाकीचीं बरींच अक्षरें जशींच्या तशीं होतीं. यादी पाहतांच उलगडा झाला. दादा ‘इन्स्क्रिप्ट’ नांवाच्या मांडणीनें लिहितात. ती मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें प्रमाण म्हणून ठरविलेली असून तींत स्वर डाव्या हातास व व्यंजनें बहुतांशीं उजव्या हातास दिलेलीं आहेत. वर्णमालेचा असा शास्त्रशुद्ध विचार इंग्रजी मांडणींत शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. त्या मांडणींत वरील सात अक्षरें उजव्या हाताखालीं एकाच झुबक्यांत येतात. आणि जुन्या लहान लॅपटॉपांवर, जेथें आंकड्यांचा वेगळा चौक बसविण्यास जागा नसते, तेथें नेमका हाच झुबका ‘नमलॉक’ दाबतांच आंकड्यांचा चौक बनतो. कळांच्या कोंपऱ्यांत तेच आंकडे बारीक अक्षरांत छापलेलेहि असतात. वाचण्यास चष्मा लागतो इतकेंच.

म्हणजे कांहींच बिघडलें नव्हतें. आदल्या रात्रीं हिशेबासाठीं मोठा कीबोर्ड जोडून त्यावर नमलॉक दाबण्यांत आला होता, असें मागाहून कळलें. यंत्र पुन्हां चालू करूनहि दोष गेला नाहीं याचें कारण असें कीं कांहीं प्रणाली नमलॉकची शेवटची स्थिति स्मरणांत ठेवतात व ती निष्ठेनें परत आणतात. एफएन ही कळ धरून नमलॉक एकदां दाबला; ‘दत्त’ आपल्या ठिकाणीं परत आले. हिशेब कोणीं केला होता तें आम्ही लिहीत नाहीं. पुतण्या हुशार आहे, आणि पुढच्या वेळीं तो यादी करील.

कळांचा दुसरा एक चमत्कार याहून फसवा आहे, आणि तो लहान मुलांच्या घरांत फार आढळतो. कळा मेल्यासारख्या वाटतात; भराभर टंकल्यास एकहि अक्षर उमटत नाहीं, पण एखादी कळ दाबून धरली तर मात्र अक्षर येतें. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठीं लिनक्सच्या पडद्यांत ‘स्लो कीज’ नांवाची सोय आहे. ती चालू असतां क्षणभर धरून ठेवलेली कळच मोजली जाते. जेथें कीबोर्डावरूनच अशा सोयी चालू करण्याची मुभा दिलेली असते, तेथें शिफ्टची कळ आठ सेकंद धरली कीं ही सोय आपोआप सुरू होते. बाळानें शिफ्टवर हात टेकून ठेवला कीं आठ सेकंद सहज भरतात. तसेंच शिफ्ट लागोपाठ पांचदां दाबली तर ‘स्टिकी कीज’ चालू होते, आणि एकदां दाबून सोडलेली कंट्रोल किंवा शिफ्टची कळ पुढच्या कळेपर्यंत दाबलेलीच मानली जाते. दोन्हींचा उपाय एकच: तीच क्रिया पुन्हां करावी, अथवा मांडणींतील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या सदरांत जाऊन सोय बंद करावी. सोय मात्र वाईट नव्हे. ज्या घरांत कंपवाताचें दुखणें असलेलें वडीलधारें माणूस आहे, त्या घरानें ती मुद्दाम चालू करून पाहावी. अनेक वर्षांनीं तें माणूस स्वतःच्या हातानें पत्र लिहूं शकेल.

तिसरें प्रकरण सांकेतिक शब्दाचें. शब्द बरोबर आहे अशी खात्री असून यंत्र आंत घेत नाहीं, आणि पडद्यावर नुसते ठिपके दिसत असल्यामुळें काय उमटतें आहे तें कळत नाहीं. अशा वेळीं कॅप्सलॉक पाहावा हें सर्वांस ठाऊक आहे. पण मराठी घरांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. प्रवेशाच्या पडद्यावर मांडणी मराठी राहिली असेल तर आपण रोमन अक्षरें म्हणून जीं दाबतों तीं देवनागरी होऊन जातात. क्रमांक तोच, अर्थ वेगळा! कोंपऱ्यांतील भाषेचें चिन्ह पाहून मांडणी बदलावी. पुष्कळ ठिकाणीं सुपर, म्हणजे जिच्यावर खिडकीची आकृति असते ती कळ, आणि स्पेस या दोन्ही मिळून दाबल्या कीं मांडणी पालटते.

खरा यांत्रिक दोष कसा ओळखावा? एकच कळ अडत असेल तर बहुधा तिच्याखालीं कण अडकलेला असतो. यंत्र बंद करून, तिरपें धरून, हळुवार झटकावें. परंतु एकमेकींशीं वरवर संबंध नसलेल्या चारपांच कळा एकदम गेल्या, तर त्या एकाच रेषेवरील सख्ख्या बहिणी समजाव्या. त्या जाळ्यांतील एक रेषा तुटली किंवा तिची पट्टी सैल झाली. हें काम दुरुस्ती करणाऱ्याचें. चहा सांडला तर मात्र विचार करीत बसूं नये. यंत्र तत्क्षणीं बंद करावें, चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असेल तर तीहि काढावी, यंत्र पालथें घालावें, आणि उघडून साफ केल्यावांचून पुन्हां चालू करूं नये. तांदळांत पुरून ठेवण्याची जी एक रीत सर्वत्र सांगतात तिनें साखर कांहीं निघत नाहीं. साखरेचा चहा साध्या पाण्यापेक्षां वाईट तो याचमुळें. तांदूळ मात्र वायां जातात.

आतां माउसाकडे येऊं. अमेरिकेंतील डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून १९६४ सालीं जो पहिला माउस घडला तो लाकडी पेटीचा होता, व त्याच्या पोटांत दोन चाकें होतीं. आजच्या माउसास चाकें नाहींत; तो खालच्या पृष्ठाचीं चित्रें घेऊन आपली चाल ओळखतो. म्हणूनच कांचेच्या टेबलावर तो भांबावतो. खालीं एखादा साधा कागद ठेवावा. बिनतारी माउस अडखळत चालत असेल तर प्रथम त्यांतील सेल बदलावा. तेवढ्यानें न भागल्यास त्याचा इवलासा ग्राहक यंत्राच्या कोणत्या बाजूस लावला आहे तें पाहावें. यूएसबी ३.० च्या तबकड्या व तारा चालू असतां त्यांतून जो विद्युत्-गोंगाट निघतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या बिनतारी साधनांस बाधतो, असें इंटेल कंपनीनें २०१२ सालीं आपल्या निबंधांत दाखवून दिलें आहे. ग्राहक दुसऱ्या बाजूस लावला, किंवा वीतभर लांबीच्या तारेनें दूर नेला, कीं पुष्कळदां माउस सुरळीत चालूं लागतो. आणि वीज वांचविण्याच्या हौसेनें कोणीं ‘पॉवरटॉप’सारखें साधन चालविलें असेल तर माउस दोन क्षण स्वस्थ राहतांच झोंपी जातो, व हलविल्यावर जागा होण्यास वेळ घेतो, तेथें दोष माउसाचा नसून काटकसरीचा आहे.

टचपॅड अजिबात चालत नसेल तर पहिल्यानें वरच्या ओळींतील कळा पाहाव्या. त्यांपैकीं एकीवर टचपॅडाची लहानशी आकृति असते. एफएनसह किंवा नुसती ती दाबली गेली कीं टचपॅड बंद पडतो, आणि पुन्हां दाबल्यावर चालूं लागतो. एका वाचकभगिनींनीं मात्र ही कळ दहादां दाबून पाहिली होती. त्यांच्या यंत्रांत ‘बाहेरचा माउस जोडलेला असतां टचपॅड बंद ठेवावा’ अशी मांडणी केलेली होती. “पण माउस तर कपाटांत आहे!” असें त्यांनीं लिहिलें. माउस कपाटांत होता, त्याचा ग्राहक लॅपटॉपाच्या कुशींतच होता. आणि लिनक्सच्या लेखीं ग्राहक आहे म्हणजे माउस आहे. झोंपवून पुन्हां जागविल्यावर टचपॅड मुका होत असेल तर जुन्या यंत्रांत ‘मॉडप्रोब’ या आज्ञेनें ‘पीएसमाउस’ हा भाग एकदां काढून परत घालावा. नव्या यंत्रांत टचपॅड बहुधा वेगळ्या वाटेनें जोडलेला असतो, तेथें हा उपाय लागू पडत नाहीं. लिहितां लिहितां कर्सर उडी मारून भलत्याच ओळींत जात असेल तर तो तळहाताचा स्पर्श होय. ‘टंकतांना टचपॅड बंद’ अशी जी मांडणी असते ती चालू आहे ना, तें पाहावें.

परंतु टचपॅडाचें एक लक्षण असें आहे कीं त्याविषयीं आम्ही विनोद करूं इच्छीत नाहीं. टचपॅडावर बोट सरकतें, पण तो दाबला जात नाहीं, किंवा फार कठीण लागतो; त्याची एक कड वर उचललेली दिसते; झांकण पूर्वींसारखें मिटत नाहीं; टेबलावर ठेवलें असतां यंत्र डुगडुगतें. बहुतेक लॅपटॉपांत टचपॅडाच्या अगदीं खालीं किंवा लगत लिथियमची बॅटरी असते. ती जुनी होऊन आंत वायु धरूं लागली म्हणजे फुगते, आणि टचपॅडास खालून वर ढकलते. अशा यंत्रावर कोणतीहि आज्ञा टंकीत बसूं नये. यंत्र बंद करून चार्जर काढावा, तो पुन्हां लावूं नये, आणि टचपॅड दाबून खालीं बसविण्याचा प्रयत्न तर मुळींच करूं नये. फुगलेली बॅटरी दबली किंवा भोंसकली गेली तर पेट घेते. मुलांची निजण्याची खोली, अंथरुणें, पुस्तकांचें कपाट यांपासून यंत्र दूर ठेवावें व जाणत्या कारागिराकडून बॅटरी काढवावी. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यांत टाकूं नये. २०२२ सालच्या बॅटरी-कचरा नियमांन्वयें जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हां कारागिरास ‘ती कोठें जाणार?’ असें स्पष्ट विचारण्यास संकोच करूं नये. आमच्या ओळखीच्या एका घरांत असा लॅपटॉप दोन महिने उशाशीं चार्जिंगला लावलेला होता, आणि घरचीं मंडळी टचपॅड बिघडला म्हणून लिनक्सच्या मांडण्या बदलीत होतीं. सुदैवानें कांहीं झालें नाहीं.

या विषयावर ज्यांस आम्हांकडे लिहावयाचें असेल त्यांनीं पत्रांत पुढील गोष्टी अवश्य कळवाव्या. यंत्राचें नांव व साल. लिनक्सचा प्रकार व आवृत्ति. बायोसच्या पडद्यावर कळा चालतात काय. बाहेरचा कीबोर्ड किंवा माउस जोडल्यावर काय होतें. आणि दादांच्या बंधूंप्रमाणें, कोणती कळ दाबली असतां काय उमटतें याची यादी. बिघाड कोणामुळें झाला तें कळविण्याची गरज नाहीं.